रिकाम्या रॅमचा सोस

फोन जरा अडखळला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. उघडी असलेली अ‍ॅप्स एकेक करून वर ढकलायची, नाहीतर सरळ 'क्लिअर ऑल' दाबायचं. 'अमुक एमबी मेमरी मोकळी झाली' असा संदेश झळकला की जीव भांड्यात पडतो. काही जण त्याच्याही पुढे जाऊन रॅम साफ करणारं एखादं अ‍ॅप टाकून घेतात. ते दिवसभर झाडलोट करतं आणि मधूनमधून जाहिराती दाखवतं. याने फोन वेगवान होत नाही, बहुतेक वेळा उलटंच होतं. मार्च २०१६मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या टिम कुक यांना ईमेल करून विचारलं, की तुम्ही स्वतः अ‍ॅप्स अशी बंद करता का आणि बॅटरी वाचवायला त्याची गरज असते का? सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर पाठवलं. तेव्हा अँड्रॉइड सांभाळणारे गूगलचे हिरोशी लॉकहायमर यांचंही मत फारसं वेगळं नव्हतं.

कारण साधं आहे. रॅम भरलेली असो की मोकळी, ती विजेवर जवळपास तेवढीच चालते, त्यामुळे रिकामी ठेवून काही वाचत नाही. म्हणून विंडोज, लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड यांपैकी कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम घ्या, हाताशी असलेली रॅम ती वापरूनच टाकते. एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून तिची प्रत रॅममध्येच राहू देते. बाजूला सारलेलं अ‍ॅप तुम्ही परत उघडाल म्हणून त्याचा पसारा तसाच ठेवते. ८ जीबीच्या लिनक्स मशीनवर दिवसभर काम करून संध्याकाळी 'फ्री' ही आज्ञा दिली, तर मोकळ्या मेमरीचा आकडा काहीशे एमबीवर घसरलेला दिसू शकतो आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्यातला मोठा भाग फाइलींच्या प्रतींचा असतो आणि मागणी आली की तो क्षणात मोकळा करता येतो. लोकांचा हा गोंधळ काही संपेना. शेवटी २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत 'मेम-अव्हेलेबल' हा वेगळा आकडा दाखवायला सुरुवात झाली. आत्ता रिकामी किती, हे तो सांगत नाही. गरज पडल्यास किती उपलब्ध होईल, याचा अंदाज देतो. पाहायचा तो हाच आकडा.

खरा कस लागतो तो गरज पडल्यावर. कुठली मेमरी काढून घेतली तर कोणाचं काही बिघडणार नाही, हे ठरवायचं कसं? चूक महागात पडते. रॅमकडे मागितलेली गोष्ट एका सेकंदात मिळते असं धरलं, तर तीच एसएसडीवरून आणायला पंधरा-सतरा मिनिटं लागतील आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला सव्वा दिवस.

हिशेब सोपा व्हावा म्हणून रॅमचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांना पेज म्हणतात, आपण पान म्हणू. बहुतेक पीसींवर पान ४ केबीचं असतं, म्हणजे ८ जीबीत २० लाख ९७ हजार १५२ पानं झाली. ही सगळी सारख्या किमतीची नसतात. काही पानं डिस्कवरच्या फाइलींची हुबेहूब प्रत असतात. ती खुशाल टाकून द्यावीत, मूळ जागच्या जागी आहे. काही फाइलींचीच असतात, पण मधल्या काळात त्यांत बदल झालेला असतो. ती आधी डिस्कवर उतरवायची आणि मग सोडायची. अवघड पानं ती, जी प्रोग्रॅमने चालता चालता स्वतः तयार केलेली असतात. सेव्ह न केलेला मजकूर, अर्धवट भरलेला फॉर्म, गेममधली तुमची आत्ताची स्थिती. यांची दुसरी प्रत कुठेच नसते. ती हलवायची तर डिस्कवर त्यांच्यासाठी राखीव जागा हवी. तिला लिनक्समध्ये स्वॅप म्हणतात, विंडोजमध्ये पेजफाइल.

'स्वॅप बंद केला की मशीन पळतं' असा सल्ला बरेच जण देतात. तो अर्धवट आहे. स्वॅप नसेल तर या शेवटच्या प्रकारच्या पानांना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हातच लावू शकत नाही. मग टंचाईत सगळा भार फाइलींच्या प्रतींवर येतो, आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमचा कोड हीदेखील डिस्कवरच्या एका फाइलीचीच प्रत असते. म्हणजे सकाळपासून न पाहिलेल्या टॅबचा पसारा रॅममध्ये तसाच राहतो आणि ब्राउजर ज्या सूचनांवर चालतो त्याच टाकून दिल्या जातात. पुढच्या क्षणी त्या डिस्कवरून परत वाचाव्या लागतात, पुन्हा टाकल्या जातात. माउस हलवला तरी बाण जागचा हलत नाही, अशी अवस्था स्वॅपशिवायही येते ती यामुळे.

न लागणारी पानं ओळखण्याचा उद्योग साठीच्या दशकात सुरू झाला. ७ डिसेंबर १९६२ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात अ‍ॅटलस या संगणकाचं उद्घाटन झालं. त्याची जलद मेमरी १६,३८४ शब्दांची होती, म्हणजे आजच्या मापाने ९६ केबी. शिवाय फिरत्या ड्रमवर ९८,३०४ शब्द मावत. हे दोन वेगळे कप्पे आहेत हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जाणवूच नये, ही टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कल्पना. पान ५१२ शब्दांचं, त्यामुळे जलद मेमरीत एका वेळी ३२ पानं बसत. तेहतिसावं मागितलं की एकाला ड्रमवर जावं लागे. कोणाला पाठवायचं हे ठरवणाऱ्या भागाचं नाव होतं 'लर्निंग प्रोग्रॅम'. प्रत्येक पान किती काळ पडून आहे आणि याआधी ते किती काळ पडून होतं, या दोन्ही नोंदी तो ठेवत असे. मागच्या खेपेपेक्षा जास्त काळ पडून असलेल्या पानाचं काम संपलं असावं, असं धरून त्याला बाहेर काढलं जाई. ९६ केबीच्या जगात केलेला हा विचार आजही जुनाट वाटत नाही.

१९६६ साली आयबीएममधले लास्लो बेलाडी यांनी सर्वोत्तम उत्तर काय असू शकतं तेच सांगून टाकलं. ज्या पानाची गरज सगळ्यात उशिरा पडणार आहे ते काढा. अडचण एवढीच, की त्यासाठी भविष्य माहीत असावं लागतं. त्यामुळे ही पद्धत कुठल्याच यंत्रात बसवता येत नाही, बाकीच्या पद्धतींची परीक्षा घ्यायला मात्र उपयोगी पडते. बेलाडींच्या नावावर आणखी एक चमत्कारिक शोध आहे. जे पान आधी आलं ते आधी बाहेर, असा सरळ रांगेचा नियम लावला आणि पानं १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने मागितली, तर तीन पानांची जागा असताना ९ वेळा डिस्ककडे जावं लागतं. जागा वाढवून चार पानांची केली तर १० वेळा! कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करून पाहता येतं. रॅम वाढवली आणि काम वाढलं, असं खरोखर घडू शकतं.

म्हणून रांगेऐवजी वापराकडे पाहायचं ठरलं. जे पान सर्वांत जास्त काळ कोणी हाताळलेलं नाही ते काढायचं. पण लाखो पानांना दर वेळी अचूक वेळेचा शिक्का मारत बसणं परवडत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये मल्टिक्स या प्रणालीवर काम करताना फर्नांडो कोर्बातो यांनी यावर स्वस्तातली युक्ती काढली. पान हाताळलं गेलं की हार्डवेअर त्याच्या नोंदीत एक खूण करतं. सगळी पानं गोलाकार मांडलेली आहेत असं समजायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं त्यांवरून फिरायचं. खूण दिसली तर ती पुसून पुढे जायचं. काटा पुन्हा त्याच पानाशी आला आणि मधल्या काळात नवी खूण झालेली नसली, तर त्याचा नंबर लागला. आजच्या बहुतेक प्रणालींत याच युक्तीची सुधारलेली रूपं आहेत.

लिनक्समध्ये ही कामं करणारा एक धागा पार्श्वभूमीला असतो, त्याचं नाव केस्वॅपडी. मोकळी मेमरी एका पातळीखाली गेली की तो जागा होतो आणि वरची पातळी गाठेपर्यंत पानं सोडवत राहतो. मागणी त्याच्या हाताबाहेर गेली तर ज्या प्रोग्रॅमने मेमरी मागितली त्यालाच थांबवून आधी जागा करायला लावतात. मधेच बसणारे ते झटके बरेचदा इथून येतात. याशिवाय पानांच्या दोन याद्या असतात. नव्याने वाचलेलं फाइलीचं पान आधी खालच्या यादीत जातं आणि पुन्हा कोणी हात लावला तरच वर चढतं. याला कारण आहे. एखादी मोठी बॅकअप फाइल कॉपी करायला घेतली तर ती लाखो पानांना हात लावते, पण एकदाच. अशा पाहुण्यांनी घरच्यांना बाहेर काढू नये म्हणून ही व्यवस्था. गूगलच्या यू झाओ यांनी दोनऐवजी अनेक पिढ्यांची रचना केली. डिसेंबर २०२२मध्ये ती लिनक्स ६.१मध्ये आली.

अंदाज कितीही सुधारला तरी सगळ्या चालू प्रोग्रॅमना मिळून खरोखरच रॅमपेक्षा जास्त पानं लागत असतील तर काही चालत नाही. एकाचं पान काढून दुसऱ्याला द्यावं, तोवर पहिला ते परत मागतो. सगळा वेळ नुसत्या ने-आणीत जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८मध्ये या दुखण्याची चिकित्सा केली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या काळात कमीत कमी किती पानं हाताशी लागतात ते पाहा, आणि सगळ्यांची बेरीज मावत नसेल तर एखाद्याला पूर्ण थांबवा. सगळ्यांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा ते बरं.

लिनक्सने मात्र याहून धाडसी वाट धरली आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतात तेव्हा त्यांना ती सगळी लगेच लागत नसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा तो प्रकार असतो. रुमाल पडला म्हणून माणूस बसेलच असं नाही, हे लिनक्सला ठाऊक आहे. म्हणून ते असतील त्यापेक्षा जास्त सीटांवर रुमाल टाकू देतं, आणि प्रत्यक्ष रॅम देतं ती प्रोग्रॅमने त्या पानावर पहिल्यांदा काही लिहिलं तेव्हा. बहुतेक दिवशी यात सगळ्यांचाच फायदा होतो. एखाद्या दिवशी मात्र रुमालवाले सगळेच येऊन उभे राहतात, पानं सोडवायचे उपाय संपतात आणि कर्नल एका प्रोग्रॅमची निवड करून त्याला ठार करतं. निवड मुख्यतः कोण किती मेमरी अडवून बसलं आहे यावर होते. त्यामुळे बळी जातो तो अनेकदा मशीनवरचा सर्वांत महत्त्वाचा प्रोग्रॅम, म्हणजे डेटाबेस. डच गणितज्ञ आणि कर्नलचे एक जुने जाणकार अँड्रीज ब्राउवर यांनी २००४ साली यावर एक झकास रूपक रचलं होतं. एक विमान कंपनी काटकसर म्हणून कमी इंधन भरून विमानं उडवते आणि इंधन संपत आलं की प्रवाशांना खाली फेकते. मग कोणाला फेकायचं यावर सिद्धान्त मांडले जातात. सर्वांत वजनदार माणसाला? वृद्धांना? आणि वैमानिकच जाड निघाला तर? चेष्टा बोचरी आहे, पण त्यातले प्रश्न कर्नलच्या मंडळींनी खरोखर चर्चिलेले आहेत.

या सगळ्या पद्धतींचं मूळ दुखणं एकच. ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरून पाहते. पानाला हात लागला की नाही एवढं तिला कळतं, ते पुन्हा लागणार की नाही हे कळत नाही. ते माहीत असतं फक्त प्रोग्रॅमला. मग त्यालाच का विचारू नये?

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण व्हीएमवेअर या कंपनीचं आहे. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे स्वतःची रॅम आहे. त्या सगळ्यांना चालवणाऱ्या थराला एकाची थोडी रॅम दुसऱ्याला द्यायची असली तर आत कुठलं पान बिनकामाचं आहे हे त्याला कसं कळावं? कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावरचा तोडगा सांगितला आहे. प्रत्येक आभासी मशीनच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवायचा आणि त्याला फुग्यासारखा फुगवायचा. म्हणजे त्याने आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे मेमरी मागत सुटायचं. टंचाई झाली असं समजून ती आपल्या अकलेने, आपल्याला कमीत कमी लागणारी पानं सोडून देते. फुग्याने व्यापलेली रॅम तो चालवणारा थर काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो. गरज संपली की फुगा सैल करायचा. ज्याला माहिती आहे त्याच्याकडून, त्याच्या नकळत, निवड करवून घ्यायची!

सरळ सांगण्याचीही सोय आहे. युनिक्स घराण्यात 'एम-अ‍ॅडव्हाइज' नावाची हाक आहे, तिच्यातून प्रोग्रॅम कर्नलला मेमरीबद्दल सल्ला देतो. 'डोंट-नीड' म्हटलं की कर्नल ती पानं तिथल्या तिथे घेतं. मार्च २०१६मध्ये लिनक्स ४.५मध्ये 'फ्री' हा दुसरा पर्याय आला. त्याचा अर्थ, हवी असतील तर घ्या, पण घाई नाही. टंचाई येईपर्यंत पानं प्रोग्रॅमकडेच राहतात आणि तोवर त्याने त्यांवर पुन्हा काही लिहिलं तर देऊ केलेलं आपोआप रद्द. एकूण खर्चाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा पर्याय. गूगलच्या गो भाषेने तो फेब्रुवारी २०१९मध्ये १.१२ आवृत्तीत स्वीकारला. झालं असं, की प्रोग्रॅमने पानं देऊ केली तरी ती लगेच काढून घेतली जात नसल्याने देखरेखीच्या पडद्यावर त्याच्या नावावरची मेमरी कमी झालेली दिसेना. लोकांना वाटलं, गळती आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये १.१६ आवृत्तीत गो पुन्हा 'डोंट-नीड'वर आली. आकडे खरे दिसावेत म्हणून. तांत्रिकदृष्ट्या उजवी गोष्ट अशी आकड्यांपुढे हरते, तेव्हा फोन साफ करणाऱ्यांना तरी काय बोलणार?

फोनवर विचारण्याची ही पद्धत अपयशी ठरली असंच म्हणावं लागेल. २०११च्या अँड्रॉइड ४.०पासून प्रणाली अ‍ॅप्सना 'मेमरी कमी पडतेय, थोडी सोडा' असे कमीअधिक तीव्रतेचे निरोप पाठवत असे. अँड्रॉइड १४पासून त्यांतले बहुतेक निरोप पाठवणंच बंद झालं. उरली ती यादी आणि तलवार. प्रत्येक अ‍ॅपला एक आकडा दिलेला असतो. समोर उघडं असलेल्याला ०, मागे पडून असलेल्यांना ९०० ते ९९९, आकडा मोठा त्याचा बळी आधी. यात एक समजूतदार बारकावा आहे. तुम्ही आत्ताच ज्या अ‍ॅपमधून बाहेर पडलात त्याला वेगळा ७०० आकडा मिळतो, कारण तुम्ही परत येण्याची शक्यता जास्त. तरीही कमी रॅमच्या फोनवर तिकिटाचा फॉर्म भरून ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावं आणि परत येईतो फॉर्म कोरा व्हावा, असं घडतं. तिथे दोष फोनचा कमी आणि अ‍ॅप लिहिणाऱ्यांचा जास्त. पडद्याआड जाताना आपली स्थिती जपून ठेवायची संधी अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला देतं. ती घेतली असेल तर अ‍ॅप मारलं गेलं तरी परत आल्यावर भरलेल्या रकान्यांसह उभं राहतं.

मारण्याआधीचा एक मधला मार्ग आहे, पानं दाबून ठेवण्याचा. न लागणारं पान डिस्कवर न नेता रॅममध्येच आवळून, अनेकदा निम्म्याहून कमी जागेत ठेवायचं. मॅकमध्ये हे २०१३ला आलं, विंडोज १०मध्ये २०१५ला. अँड्रॉइड फोनवर झेडरॅम नावाने हेच चालतं. जाहिरातींत '८ जीबी + ८ जीबी रॅम' असं जे छापतात त्यातले दुसरे ८ मात्र रॅम नसतात. फोनच्या स्टोअरेजमधला तुकडा स्वॅपसाठी राखलेला असतो. रॅमच्या मानाने तो कितीतरी सुस्त असतो आणि वारंवार लिहिल्याने स्टोअरेजचं आयुष्यही खर्ची पडतं. त्या अधिकच्या चिन्हासाठी चार पैसे जास्त मोजू नयेत.

मोठ्या डेटा सेंटरांत आता अंदाज आणि विचारणा दोन्ही बाजूला ठेवून सरळ मोजमाप होतं. गूगलने २०१९मध्ये सांगितलं, की त्यांच्या सर्व्हरांवर वापरात असलेल्या मेमरीपैकी सरासरी एक तृतीयांशाला दोन मिनिटांत कोणी हातही लावत नाही. फेसबुकच्या योहानेस वाइनर यांनी डिसेंबर २०१८मध्ये लिनक्स ४.२०मध्ये एक नवं माप आणलं. मेमरी नाही म्हणून प्रोग्रॅमचा किती वेळ वाया गेला, हे ते सांगतं. त्याच्या जोरावर कंपनीने प्रोग्रॅमची मेमरी हळूहळू आवळत न्यायला सुरुवात केली. वाया जाणारा वेळ किंचित दिसू लागला की थांबायचं, वाढला की सैल सोडायचं. २०२२च्या निबंधात त्यांनी यातून वाचलेली मेमरी २० ते ३२ टक्के असल्याचं नोंदवलं आहे. काढलेली पानं कुठे जातात हे कामावर ठरतं. वेबपानं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचा डेटा चांगला दबतो, म्हणून तो रॅममध्येच आवळून ठेवतात. जाहिराती निवडणाऱ्या मशीन लर्निंगच्या मॉडेलांमधले आकडे आधीच घट्ट बांधलेले असतात, फारसे दबत नाहीत, म्हणून ते एसएसडीवर जातात.